आधी पत्रा, मग रंग: जुन्या एस्टेट गाड्यांवर वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत लांब डिकीच्या गाड्या जास्त आल्यात, म्हणजे ज्यांचं छत मागं उतरत नाही, सरळ मागच्या दारापर्यंत जातं त्या, एस्टेट म्हणतात त्यांना. आपल्याकडं या गाड्या फार खपल्या नाहीत. टाटा एस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना, ऑक्टाव्हिया कॉम्बी एवढीच नावं पटकन आठवतात. पण ज्याच्या घरी एक आहे त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, हे मी पत्रा ठोकता ठोकता कितीदा बघितलंय. म्हणून यावेळी पानभर फक्त गंज. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकी सगळ्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: काका नमस्कार. आमच्याकडं १९९७ ची टाटा एस्टेट आहे, वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. आमचं खत-बियाण्याचं दुकान होतं, खेड्यावर पोतं पोचवायला हीच गाडी जायची. वडील गेले तेव्हापासून सहा वर्षं लिंबाखाली उभी आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून चालू केली, धूर लई टाकायली पण चालू राहिली. अडचण पत्र्याची आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली हात जाईल एवढं भोक पडलंय, डिकीचा फ्लोअर तर चाळणी झालाय, दारांच्या खालच्या कडा बोटानं तुटायल्यात. इथल्या एका पेंटरनं फुल डेंटिंग-पेंटिंगचे पंचेचाळीस हजार सांगितलेत. माझ्याकडं सत्तर हजार आहेत आणि दिवाळीनंतर कापूस विकला की अजून वीस-पंचवीस टाकू शकतो. कुठून सुरू करू?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर: भाऊ, पहिलं काम म्हणजे त्या पेंटरला पंचेचाळीस हजार देऊ नका. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्या पैशात पूर्ण गाडी म्हणजे काय होणार ते मला माहितीय, गंज वरवर घासणार, भोकावर पत्र्याचा तुकडा चिकटवणार, वरून लांबी (म्हणजे पुट्टी) भरणार, घोटणार आणि चकाचक रंग मारणार. गाडी दारात येईल तेव्हा बायकामुलं पेढे वाटतील आणि पुढच्या पोळ्यापर्यंत त्याच जागी फोड येतील. मी स्वतः हे केलेलं आहे. नवीन होतो, गिऱ्हाइकाला घाई होती, लग्नात गाडी न्यायची होती, मडगार्डच्या कडेला गंजावरच लांबी ओढली. एक पावसाळा गेला आणि तो माणूस गाडी घेऊन परत आला, काही बोलला नाही, नुसतं बोटानं दाबून दाखवलं तर लांबीचा पापुद्रा हातात आला आणि मागं पत्राच नव्हता. ते काम मी परत फुकट करून दिलं, पण त्याचं ते न बोलणं मला आजही आठवतं.

कारण समजून घ्या. लांबी पाणी पिते. आणि लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळं आत थोडा जरी गंज राहिला तरी तो फुगत फुगत वरचा रंग उचलतो. शिवाय गाडीचा पत्रा बहुतेक वेळा आतून सडत येतो, बाहेर फोड दिसला म्हणजे आत बराच खेळ झालेला असतो.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून टाकलीय, खताची पोती. डिकीचा फ्लोअर चाळणी काहून झाला, बाकी गाडीपेक्षा जास्त काहून, तर त्यामुळं. पोत्यातून सांडलेलं खत कार्पेटखाली जातं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तिथं बारा महिने खारं चिखल बसल्यासारखं होतं. पोटॅश तर जवळपास मीठच समजा, पोटॅशियम क्लोराइड असतं ते, कोकणात समुद्राच्या हवेनं गाड्यांचं जे होतं ते तुमच्या डिकीत परभणी जिल्ह्यात बसून झालंय. म्हणून ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी सगळं कार्पेट, सीट, फोम बाहेर काढा आणि फ्लोअर पाण्यानं धुवा, एकदा नाही, तीनदा, प्रत्येक कोपऱ्यात पाइप घालून. नंतर दारं उघडी टाकून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. हे न करता रंग मारला तर खाली खत राहिलेलं असतं आणि तुम्ही कितीही महागाचा प्रायमर मारा, तो सुटणारच. धुवायला बोअरचं खारं पाणी नको, नळाचं किंवा टाकीत धरलेलं पावसाचं असेल तर उत्तम.

आता गाडीला पैसे लावायचे का नाही हे ठरवायची जागा म्हणजे चेसिस. तुमची एस्टेट १९९२ ला निघालेली, सिएरा आणि टाटामोबाइल पिकअपच्याच जातीची, म्हणजे खाली शिडीसारखी वेगळी चेसिस आणि वर रबरांवर बसवलेली बॉडी. ही तुमच्या नशिबाची गोष्ट आहे. बॉडीचा फ्लोअर सडला तरी गाडीचं वजन चेसिस उचलते, त्यामुळं फ्लोअरला ठिगळ लावणं परवडतं. पण चेसिस सडली असेल तर मात्र मी तुम्हाला सत्तर हजार खर्च करा म्हणून सांगणार नाही. एक पाव किलोचा हातोडा आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा (नुसत्या जॅकवर कधी नाही, खाली लाकडी ठोकळे नाहीतर स्टँड पाहिजेतच, या बाबतीत कंटाळा केलेली माणसं मी दवाखान्यात भेटायला गेलोय). चेसिसवर वीतभर अंतरानं ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं ठप्प आवाज देतं आणि खपली पडते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या ज्यांना टांगलेल्या असतात ते हँगर जिथं लावलेत तिथं, स्टिअरिंग बॉक्स जिथं बसलाय तिथं आणि बॉडीचे रबर माउंट जिथं आहेत तिथं जास्त वेळ द्या, कारण काळी माती तिथंच जाऊन बसते आणि आपली काळी माती एकदा बसली की वाळल्यावर सिमेंट होते, ओली झाली की पंधरा-पंधरा दिवस ओल सोडत नाही. स्क्रूड्रायव्हर जोरानं टोचून आत गेला नाही तर तुमची चेसिस शाबूत आहे, वायर ब्रशनं घासा आणि पुढं चला. हँगरपाशी आत गेला तर ट्रकच्या चेसिसचं काम करणाऱ्या चांगल्या वेल्डरला दाखवल्याशिवाय एक रुपया घालू नका.

तोवर कागद बघून घ्या. १९९७ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू व्हायला पाहिजे, तुमच्या हिशोबानं शेवटची मुदत २०२२ च्या आसपास संपली असणार आणि उशिराचा दंड महिन्या-महिन्यानं चढत असतो. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी १०,००० रुपये झालीय, त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी आणि नवीन नंबर प्लेट, जी एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लावावी लागते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, तो आधी, रिन्यूअल नंतर. जुन्या मालकाचा बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलाय का तेही बघा, सेकंडहँड गाडीत हे हमखास सापडतं आणि बँकेचं पत्र आणता आणता दोन महिने जातात. आणखी एक, चेसिस नंबर जिथं कोरलाय ती जागा कोणालाही ग्राइंडरनं घासू देऊ नका, तिथं वेल्डिंग नको, जाड रंगपण नको. आरटीओत त्याचीच छाप घेतात. हा नंबर घासला गेला तर बाकी गाडी सोन्याची करूनही उपयोग नाही.

सत्तर हजारांची मांडणी मी अशी करीन, तुमच्याकडच्या भावानं थोडं इकडंतिकडं होईल. कागदांना वीस बाजूला काढून ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. टायर चार, साधारण अठरा. सहा वर्षं एका जागी उभी गाडी, टायर बाहेरून काळेभोर दिसतील पण ते गेलेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, वाचून बघा. ब्रेक आणि स्टिअरिंगला बारा: व्हील सिलिंडरचे रबर, होज पाइप, नवीन ब्रेक ऑइल, आणि लोखंडी ब्रेक पाइप गंजले असतील तर तेही, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात. बॅटरी, ऑइल, फिल्टर आणि डिझेल टाकी उतरवून धुवायला सहा. राहिले चौदा, ते पत्रा, वेल्डिंग आणि प्रायमर. संपले सत्तर. रंग कापसाच्या पैशातून.

रंगाला उरलं काय असं वाटेल, पण बघा, या क्रमानं गेलात तर कापसाला भाव मिळो न मिळो गाडी चालती आणि कायदेशीर तरी राहील. उलट्या क्रमानं गेलात तर चकाचक गाडी परत लिंबाखाली उभी दिसेल. फक्त नुसत्या प्रायमरमधली गाडी आरटीओला घेऊन जाऊ नका, परत पाठवू शकतात, जिथं काम केलंय तिथं आरसीवरच्या रंगाचा एक हात मारून न्या. रंगच बदलायचा असेल तर तो आरसीवर नोंदवावा लागतो, तुमच्या बजेटमध्ये तो नाद नको.

फ्लोअरचं काम कसं करून घ्यायचं ते सांगतो, कारण इथंच तुमचे पैसे वाचतात. मजुरी वाचवायची तर कापणं, घासणं, नमुना काढणं हे सगळं तुम्ही स्वतः करा, वेल्डरला फक्त जोडायला बोलवा. सडलेला पत्रा कापत जा, पांढरं चकचकीत लोखंड लागेपर्यंत. इथं जीव कच्चा करायचा नाही, भोक तळहाताएवढं होतं आणि कापल्यावर सुपाएवढं झालं असं होणारच, पण सडक्या कडेला नवीन ठिगळ जोडलं तर वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं तरी शेजारून फाटतं. मग पुठ्ठा ठेवून नमुना कापा, लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यापासून मिठाईच्या खोक्यापर्यंत काहीही चालतं, पुठ्ठा बरोबर बसला की तोच पत्र्यावर ठेवून आखा. पत्रा सीआरसी (थंड लाटलेला गुळगुळीत) घ्या, फ्लोअरला अठरा गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, दारांच्या कडांना वीस गेज. वेल्डिंग सीओटूचं पाहिजे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस आणि बारीक तारेचं. खेड्यात साधं आर्क वेल्डिंगच मिळतं, नांगर-ट्रॉलीला ते झकास, पण गाडीच्या पातळ पत्र्याला तो रॉड भोक पाडत जातो आणि मग एक भोक बुजवताना दोन पडतात. सेलूत नसेल तर परभणीला किंवा जालन्याला गाडी टेम्पोत टाकून न्यायचा खर्चसुद्धा परवडेल. वेल्डरला सांगायचं, एका दमात लाइन ओढू नको, इंचभर अंतरावर टाके मार, एक इकडं एक तिकडं, मग मधल्या जागा भर. नाहीतर उष्णतेनं पत्रा पापडासारखा वाकतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि डिझेल टाकी उतरवून लांब ठेवायची. टाकी रिकामी आहे म्हणून काही होत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, रिकाम्या टाकीतला वाफारा भरल्या टाकीपेक्षा घातक असतो. कार्पेटचा तुकडा, फोम, डांबरी शीट काही आत राहू द्यायचं नाही आणि पाण्याची बादली हाताशी.

जोडून झालं की आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, मीही वापरतो, पण नुसतं रेड ऑक्साइड पाणी थांबवत नाही, त्याच्यावर आठ दिवसांत रंग चढला पाहिजे. जिथं कापता आलं नाही, कोपऱ्यात थोडा गंज राहिलाच, तिथं फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज मारायचं पाणी मिळतं ते लावा, सैल खपल्या आधी काढून, नंतर पुसून पूर्ण वाळवून मगच प्रायमर. हे पाणी पातळ गंजाला काम करतं, जाड खपलीवर ओतून काही होत नाही.

इंजिनाचं फार टेन्शन घेऊ नका. १९४८ सीसीचं ते साधं डिझेल इंजिन आहे, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि सुरुवातीच्या टाटा सुमोला हेच होतं. आपल्या मराठवाड्यात एकेकाळी गावोगाव सुमोच पळायच्या, त्यामुळं याचे पार्ट आणि त्याला हात लावणारा मिस्त्री दोन्ही अजून मिळतात. सहा वर्षं उभ्या गाडीचा धूर बहुतेक जुन्या डिझेलचा आणि नॉझलचा असतो. टाकी धुवा, नवीन फिल्टर, नॉझल (इंजिनात डिझेल फवारतं ते) डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं तपासून घ्या, मग धूर बघा. रेडिएटरला बोअरचं पाणी अजिबात नको, आपलं पाणी इतकं जड आहे की चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच आत बसतो, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण इंजिनच सुमोचं टाकायची वेळ आली तर इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो, पावती असल्याशिवाय भंगारातलं इंजिन विकत घेऊ नका. मात्र मागचं दार, मागच्या काचा, त्यांचे रबर हे फक्त एस्टेटचं, ते सुमोत सापडणार नाही, म्हणून हे तुकडे काढताना लेकराला अंघोळ घालावी तसं जपून काढा.

दसऱ्याच्या आसपास पत्र्याला हात घाला, दिवाळीपर्यंत खालचं संपवा. काय झालं ते नक्की कळवा, फोटो पाठवलात तर मी पुढच्या अंकात चेसिसबद्दल नक्की सांगू शकेन.

प्रश्न: माझ्याकडं २००७ ची इंडिगो मरिना डिझेल आहे. माझ्या शाळेला आणि मुलांना घेऊन जायला तीच वापरते, सामान भरपूर मावतं. मागच्या आठवड्यात पंक्चर झालं तेव्हा जॅक लावला तर दाराखालचा पत्रा कर्रकन आत गेला. घरचे म्हणायलेत की पंधरा वर्षं झाली की गाडी बाद होते, आता स्क्रॅपला दे. खरंच देऊ का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर: ताई, पंधरा वर्षांनी गाडी आपोआप बाद होते हे आपल्याकडं खरं नाही. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही भानगड दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाची आहे. इथं फिटनेस बघून पाच-पाच वर्षं आरसी वाढवून मिळते, वीस वर्षांच्या आत आहे तोवर फी ५,०००, वीस ओलांडली की १०,०००.

पण जॅक आत गेला ही गोष्ट मी हलक्यात घेणार नाही, आणि इथं तुमचं उत्तर वरच्या एस्टेटपेक्षा एकदम वेगळं आहे. मरिनाला खाली वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दाराखालचा तो उंबरा म्हणजे घराच्या तुळईसारखा आहे, पुढची आणि मागची चाकं तोच धरून ठेवतो, त्याच्यावर बाहेरून पत्रा रिव्हेट मारून रंगवला तर दिसायला छान होईल पण अपघातात ती बाजू चुरगळेल. रोज मुलं बसतात म्हणताय, म्हणून स्पष्ट सांगतोय.

एक साधी परीक्षा करा. चांगल्या मिस्त्रीकडून गाडीची ती बाजू मजबूत जागेवरून उचलायला सांगा आणि गाडी वर असताना दार उघडून लावून बघा. दार नेहमीसारखं लागलं तर सडकेपणा उंबऱ्याच्या बाहेरच्या पत्र्यापुरता असण्याची शक्यता जास्त, आतला पत्रा शाबूत आहे, बाहेरचा भाग कापून नवीन उंबरा सीओटूनं जोडून मिळेल. दार घासायला लागलं, फट वाकडी दिसायली, तर आतलं पण गेलंय. त्यासोबत बोनेट उघडून पुढचे शॉकअप वर जिथं बोल्ट केलेत ती जागा आणि मागं सस्पेन्शन जिथं बॉडीला जोडलंय ती जागा बघून घ्या. या दोन्हींपैकी एक जरी सडली असेल तर ताई, माझंही मत घरच्यांसारखंच होईल, सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि आरसी रद्द केल्याचा कागद हातात घ्या, भंगारवाल्याला अशीच देऊ नका, उद्या ती नंबर प्लेट कुठं फिरेल सांगता येत नाही.

उंबरा दुरुस्त होण्यासारखा असेल तर त्याच खर्चात टायमिंग बेल्ट (इंजिनातला दातेरी पट्टा) कधी बदलला ते विचारा. कोणालाच आठवत नसेल तर बदला. तुटला तर जे बिल येतं ते उंबऱ्याच्या बिलापेक्षा मोठं असतं. आणि हो, बॉनेट, पुढचे दिवे, पुढचं मडगार्ड इंडिगोचंच आहे, भंगारात सहज मिळेल, फक्त मागचं दार आणि मागचे दिवे मरिनाचे स्वतःचे.

दर पावसाळ्याआधी आणि नंतर दारांच्या खालच्या कडेला आणि उंबऱ्याखाली जी छोटी भोकं असतात त्यात सायकलचा आरा फिरवायचा. ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात, चिखलानं बुजली की दारात पाणी साठतं आणि ते सगळं खालच्या कडेनं सडतं. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: घरी दोन जुने कूलर पडलेत, त्यांचा पत्रा अजून चांगला आहे. तोच कापून गाडीच्या फ्लोअरला लावला तर पैसे वाचतील ना?
— एक वाचक, अर्धापूर (जि. नांदेड)

उत्तर: विचार चांगला आहे पण नको. कूलरचा पत्रा पातळ असतो, पायाचं वजन पडलं की डबडब वाजेल आणि टाक्यापाशी चिरेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, मलेरिया झाल्यासारखा. आमच्या कामातल्या पोरांना हे झालेलं मी बघितलंय. अगदी वापरायचाच असेल तर डिकीच्या बाजूची झाकणं, स्पीकरचं पॅनल, अशा जिथं वजन पडत नाही तिथं, वेल्डिंग न करता रिव्हेट आणि सीलंट लावून बसवा. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथं येतात तिथं तर रिव्हेट हा शब्दच काढू नका.

प्रश्न: गंज थांबवायला गाडीखालून जळकं ऑइल मारतात, ते बरोबर का चूक? आणि डांबर?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर: जळक्या ऑइलनं थोडे दिवस गंज थांबतो हे खरं आहे, म्हणून ती पद्धत टिकलीय. पण ते रबराचे बूश, होज फुगवतं, त्याच्यावर धूळ बसून पेंड होते, पुढच्या वेळी वेल्डिंग करायचं म्हटलं की पेट घेतं, आणि ठिबकून ठिबकून शेवटी तुमच्याच अंगणातल्या मातीत जातं. डांबर त्याहून वाईट. दोन वर्षांनी त्याला चिरा पडतात, चिरेतून पाणी आत जातं आणि वरून झाकण असल्यामुळं वाळत नाही, बाहेरून काळंभोर सुंदर दिसतं आणि आत पत्रा संपलेला. खाली घासून प्रायमर, त्यावर रबरी अंडरकोटिंग, आणि उंबरा-दारांच्या पोकळ्यांमध्ये मेणाचा स्प्रे, एवढं करा. स्प्रे महाग वाटला तर आधी फक्त चार दारं आणि दोन उंबरे करा.

प्रश्न: कॉम्प्रेसर आणि गन भाड्यानं मिळतेय. घरच्या शेडमध्ये स्वतः रंग मारू शकतो का? कोणता मारू, आणि केव्हा? गाडी जुनी बलेनो अल्टुरा आहे, पत्र्याचं काम झालंय.
— एक वाचक, जालना

उत्तर: मारू शकता, अवघड नाही, धीर पाहिजे. पण पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारू नका हे मी हात जोडून सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला कायमचा दमा लावू शकतं आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्याला वेगळी सोय, वेगळा मास्क, वेगळी हवा लागते. माझ्यासोबत काम शिकलेला एक चांगला पेंटर आज जिना चढताना थांबतो. तुम्ही एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घ्या, लवकर वाळतो, चूक झाली तर घोटून परत मारता येतो. चमक पीयूएवढी येत नाही, पॉलिश करावं लागतं, चालेल. मास्क याही रंगाला पाहिजे, थिनरसाठीचा कार्बनवाला, आणि शेडमध्ये विडी-काडी कोणाची नको.

केव्हा म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर दुपारी तीनपर्यंत. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं एनसी रंगावर पांढरट झाक येते. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात थिनर गनमधून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडून जातो, रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. जवळपास जिनिंग असेल किंवा शेजारी तुरीचं खळं चालू असेल तर तेवढे दिवस थांबा, कापसाचा एक तंतू रंगात बसला की तो घोटूनच निघतो. मारायच्या आधी शेडची जमीन पाण्यानं ओली करा, वर जुन्या साड्या बांधा म्हणजे छताच्या पत्र्याची धूळ पडणार नाही. पहिला हात हलका मारा, अर्धवट दिसला तरी तसाच सोडा. एकाच हातात झाकायला गेलं की रंग ओघळतो, प्रत्येक नवीन माणूस तिथंच फसतो. पहिल्यांदा बोनेटवर मारू नका, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला मारून बघा, तिथं हात बसला की मग बाहेर या. छत सगळ्यात आधी, मग खांब, मग दारं, बोनेट शेवटी.